‘डिसोझा’ : पोर्तुगीज मूळ, इंग्रजी वेश, मराठी घर

ठाण्यात डिसोझा, परेरा किंवा फर्नांडिस अशा आडनावाच्या माणसाशी नव्याने ओळख झाली, की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘मूळचे गोव्याचे का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसते. आडनाव पोर्तुगीज, पोर्तुगीज म्हटले की गोवा, एवढाच हिशेब त्यामागे असतो. परंतु ज्याला प्रश्न विचारला त्याचे घराणे अनेकदा कित्येक पिढ्या ठाणे, उत्तन किंवा वसईतच नांदत आलेले असते. त्याच्या आजीची भाषा मराठी, शेती-मासेमारीचा व्यवसाय इथलाच आणि लग्नातली गाणीही मराठीच. तरीही आडनाव उच्चारताच तो ‘बाहेरगावचा’ ठरतो. ही गफलत समजून घ्यायची, तर या आडनावाचा प्रवास तपासायला हवा. त्याचे मूळ पोर्तुगालमधले आहे, त्याचा आजचा वेश इंग्रजी आहे आणि ते नांदते आहे ते मराठी घरात.

सोझा नदीकाठचा ‘सोझाकर’

पोर्तुगालच्या उत्तर भागात सोझा नावाची एक छोटी नदी आहे. ती पुढे दोरू या मोठ्या नदीला मिळते. या नदीच्या खोऱ्यावर सत्ता गाजवणारे एक सरदार घराणे मध्ययुगात ‘द सोझा’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पोर्तुगीज भाषेतील ‘द’ हा शब्द मराठीतल्या ‘चा’ किंवा ‘कर’चे काम करतो. ठाण्याचा तो ठाणेकर, वसईचा तो वसईकर, तसा सोझाचा तो ‘द सोझा’. मराठीत शब्दशः सांगायचे, तर डिसोझा म्हणजे ‘सोझाकर’.

सर्वच पोर्तुगीज आडनावे गावांवरून किंवा नद्यांवरून आलेली नाहीत. फर्नांडिस म्हणजे फर्नांदूचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगूचा मुलगा, लोपीस म्हणजे लोपूचा आणि नुनीस म्हणजे नुनूचा. या आडनावांच्या शेवटी येणारा ‘स’ वडिलांच्या नावाची खूण आहे. स्पॅनिश भाषेत याच जागी इंग्रजी ‘झेड’सारखे अक्षर येते. त्यामुळे फर्नांडिसच्या शेवटी ‘एस’ असेल तर मूळ पोर्तुगीज आणि ‘झेड’ असेल तर स्पॅनिश, असा साधारण ठोकताळा युरोपात चालतो. काही आडनावे झाडांची आहेत. परेरा म्हणजे नासपतीचे झाड आणि कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष. काही धर्माशी निगडित आहेत. डिक्रूझमधला ‘क्रूझ’ म्हणजे क्रूस. सर्वांत गंमतीचे आडनाव मिस्किटा. पोर्तुगीज भाषेत ‘मेस्किता’ म्हणजे मशीद. पोर्तुगालवर कित्येक शतके मुस्लिम सत्ता होती. त्या काळाची आठवण सांगणारी ‘मेस्किता’ नावाची ठिकाणे तिथे आहेत आणि त्यांवरून हे आडनाव पडले. मशिदीवरून आलेले हे आडनाव आज मुंबई-ठाणे पट्ट्यातली ख्रिस्ती कुटुंबे लावतात. आडनावाच्या अर्थावरून ते लावणाऱ्याचा धर्म किंवा मूळ ठरवणे किती फसवे असते, याचा हा उत्तम दाखला आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले नाव

पोर्तुगालच्या नदीचे नाव ठाण्याच्या खाडीकाठी आले ते राजकारणामुळे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनु दा कुन्या याच्याशी तह केला आणि वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. मुंबईची बेटे, साष्टी आणि साष्टीतील ठाणे हे सारे त्यात आले. ठाण्यावरील पोर्तुगीज अंमल त्यानंतर जवळपास दोनशे वर्षे टिकला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. वसईच्या शरणागतीच्या वेळी पोर्तुगीजांकडून किल्ल्याची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्याचे नाव होते काएतानु द सोझा परेरा. १५३४ च्या तहात ‘दा कुन्या’ आणि १७३९ च्या शरणागतीत ‘द सोझा परेरा’. ही तिन्ही आडनावे आज वसईपासून ठाण्यापर्यंतच्या घरांच्या दारांवर वाचायला मिळतात.

म्हणून दारावरचे डिसोझा त्या सेनानीचे वंशज ठरतात काय? तसे मानण्याचे कारण नाही. पोर्तुगीज अंमलात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे घडवली. कोळी, भंडारी, कुणबी, शेतकरी अशा नाना जातींतील स्थानिक माणसे ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्ती माणसाला संताचे नाव मिळे. आडनाव बहुधा त्याच्या धर्मपित्याचे, बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे किंवा गावच्या पोर्तुगीज जमीनदाराचे असे. एकाच धर्मपित्याच्या साक्षीने अनेक घरांचा बाप्तिस्मा झाला, तर एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली ती सारी घरे एकाच आडनावाची होत. याउलट, एकाच भावकीतील दोन घरांना निरनिराळी आडनावेही मिळू शकत.

त्यामुळे आडनाव बदलले तरी जुने नातेसंबंध पुसले गेले नाहीत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही इथल्या ख्रिस्ती समाजात जुने जातिभेद टिकून असल्याची दखल घेतलेली आहे. वसईच्या उत्तर पट्ट्यातील सामवेदी ख्रिस्ती समाजाची बोली वेगळी आणि वाडवळ ख्रिस्ती समाजाची वेगळी. दोघांत डिमेलो असतात, लोपीसही असतात. गावातले लोक आजही केवळ आडनावावरून माणूस ओळखत नाहीत. एका आळीत त्याच आडनावाची वीस घरे असली, की घराच्या किंवा आजोबांच्या टोपणनावानेच पत्ता सापडतो. थोडक्यात, आडनाव सांगते ते एवढेच, की चारेकशे वर्षांपूर्वी एका पूर्वजाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी शेजारी कोण उभा होता. पूर्वज कुठून आला, हे ते सांगत नाही.

अपॉस्ट्रॉफी आला कोठून?

आता या नावाच्या इंग्रजी वेशाकडे वळू. भारतात डिसोझा इंग्रजीत लिहिताना ‘डी’ या अक्षरानंतर वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखे एक चिन्ह देतात. त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. मराठी वृत्तपत्रेही कधी कधी ‘डि’सोझा’ असे छापतात. पाहणाऱ्याला हे चिन्ह अस्सल पोर्तुगीज वाटते. प्रत्यक्षात पोर्तुगालमध्ये हे आडनाव असे लिहीत नाहीत.

पोर्तुगीज लेखनात ‘द’चा संकोच होऊन अपॉस्ट्रॉफी येतो तो पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर. ‘द’ आणि ‘अल्मेइदा’ मिळून ‘दाल्मेइदा’ होते, तेव्हा ते चिन्ह शोभते. सोझा, मेलू, कुन्या ही नावे व्यंजनाने सुरू होतात. त्यांच्या आधीचा ‘द’ पोर्तुगीज लेखनात स्वतंत्र आणि पूर्ण लिहिला जातो. शिवाय त्या ‘द’ची रूपे लिंग-वचनानुसार बदलतात. मेलूच्या आधी नुसता ‘द’, कुन्या, सिल्व्हा आणि क्रूझ यांच्या आधी स्त्रीलिंगी ‘दा’, रोझारिउच्या आधी पुल्लिंगी ‘दु’. भारतातील इंग्रजी लेखनाने या सर्वांना एकाच ‘डी’ आणि अपॉस्ट्रॉफीच्या साच्यात बसवले. त्यातून डिमेलो, डिकुन्हा, डिसिल्व्हा, डिक्रूझ, डिरोझारिओ अशी एकसारखी दिसणारी मालिका तयार झाली. व्याकरणातला भेद त्या चिन्हाखाली गडप झाला.

इंग्रजांना हा साचा परका नव्हता. आयर्लंडमधील ओ’ब्रायन किंवा फ्रेंच वळणाचे डी’आर्सी ही नावे त्यांच्याकडे अशीच लिहिली जात. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली, १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. पुढे सरकारी कचेरी, रेल्वे, गोदी आणि शाळा यांच्या नोंदी इंग्रजीत होऊ लागल्या आणि पोर्तुगीज नावे इंग्रजी कारकुनी वळणात स्थिरावली. सर्वांनीच हे वळण स्वीकारले असे मात्र नाही. चौल आणि वसईच्या इतिहासावर १८७६ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिणारे मूळ गोव्याचे डॉ. जोझे गेर्सन दा कुन्या यांनी आपल्या आडनावातील ‘दा’ शेवटपर्यंत सुटा आणि पूर्ण लिहिला.

या वेशात एक जुना धागाही टिकून आहे. भारतात सोझा लिहिताना इंग्रजी ‘झेड’ वापरतात आणि मेलो लिहिताना दोन ‘एल’. पोर्तुगालमध्ये १९११ साली शुद्धलेखनाची मोठी सुधारणा झाली. तेव्हापासून सोझामध्ये ‘एस’ आणि मेलूमध्ये एकच ‘एल’ हे लेखन प्रमाण ठरले. पोर्तुगीज सत्ता इथून १७३९ मध्येच गेलेली असल्याने ठाणे-वसईच्या नावांना या सुधारणेचा वाराही लागला नाही. म्हणून ‘डी’वरचे चिन्ह इंग्रजी वळणाचे, तर त्यापुढची अक्षरे जुन्या पोर्तुगीज वळणाची, असे हे मिश्रण आहे. ब्राझीलमध्येही ‘झेड’ असलेला सोझा आजवर मोठ्या प्रमाणात टिकून आहे.

पोर्तुगीज नाव इंग्रजी मुलखात गेले, की ते दरवेळी इतके टिकते असे नाही. अमेरिकेत गेलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांपैकी अनेक परेरांचे ‘पेरी’ झाले आणि रॉड्रिग्जांचे ‘रॉजर्स’. काहींनी नाव ठेवले, पण उच्चार बदलला. लष्करी संचलनाच्या धुनांचा प्रख्यात अमेरिकी संगीतकार जॉन फिलिप सूझा (१८५४-१९३२) याचे वडील पोर्तुगीज वंशाचे होते. त्याच्या आडनावात अपॉस्ट्रॉफी नाही आणि ‘द’ही नाही. त्याच्या नावावरून ओळखले जाणारे ‘सूझाफोन’ हे भले मोठे पितळी वाद्य आजही बँडपथकांत वाजते. तेव्हा ठाण्याचा डिसोझा आणि अमेरिकेचा सूझा यांचे आडनाव एकाच नदीचे आहे.

कानाने घेतलेले, डोळ्याने वाचलेले

मराठीने पोर्तुगीजांकडून कितीतरी शब्द कानाने घेतले. बटाटा, पाव, पगार, तुरुंग, घमेले हे शब्द कोणी पुस्तकात वाचून शिकले नाहीत. ते ऐकले आणि आपल्या जिभेला रुचतील असे वळवून घेतले. ‘अफोन्सू’ या पोर्तुगीज नावाचे उदाहरण बोलके आहे. आंब्याच्या निमित्ताने ते नाव दोन्ही भाषांत शिरले. इंग्रजीने त्याचा ‘अल्फान्सो’ केला, मराठीने ‘हापूस’.

आडनावांच्या बाबतीत मात्र कान आणि डोळा यांची सरमिसळ झाली आहे. सोझा हा उच्चार मूळ पोर्तुगीजाला पुष्कळ जवळचा आहे. ‘झाड’ या शब्दातल्यासारखा दंततालव्य ‘झ’ मराठीकडे आधीपासूनच असल्याने तो सहज बसला. पण त्याच आडनावाचा ‘डिसुझा’ किंवा ‘डिसूझा’ हा उच्चार इंग्रजी अक्षरे डोळ्याने वाचून आला आहे. त्यातील ‘ओ’ आणि ‘यू’ ही जोडी इंग्रजी पद्धतीने ‘ऊ’ अशी वाचली गेली. कुन्या, नोरोन्या, मास्कारेन्यस या नावांत पोर्तुगीज लिपी ‘न्य’ हा ध्वनी ‘एन’ आणि ‘एच’ या अक्षरांनी दाखवते. इंग्रजी शिकलेल्या वाचकाने ती अक्षरे ‘न्ह’ अशी वाचली आणि कुन्हा, नरोन्हा, मस्करेन्हस तयार झाले. कार्व्हाल्यू या मूळ उच्चाराचा कार्व्हालो झाला तोही तसाच. इंग्रजी टंकलेखन यंत्रावर ‘सी’च्या पायाशी शेपटी देण्याची सोय नव्हती. गोन्साल्व्हिसमधले ते पोर्तुगीज अक्षर गेले आणि त्या जागी सरळ ‘एस’ आला.

देवनागरीत लिहिताना आणखी एक बारकावा दिसतो. पोर्तुगीज ‘डी’ हा मराठी ‘द’सारखा दंत्य आहे. इंग्रजी ‘डी’ मराठी कानाला ‘ड’सारखा ऐकू येतो. म्हणजे ‘डिसोझा’मधला ‘ड’ इंग्रजीच्या वाटेने आला. वसईचे साहित्यिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपले आडनाव मराठीत ‘दि’ असे लिहीत. मूळ पोर्तुगीज उच्चार ‘द ब्रितु’. दिब्रिटो या तीन अक्षरी नावात आरंभीचा ‘द’ पोर्तुगीज वळणाचा, तर ‘ट’ इंग्रजी वळणाचा आहे. एकाच आडनावात दोन राजवटी शेजारी बसल्या आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

आणि हे आडनाव मिरवले ते मराठीच्या दरबारात. फादर दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला अनुवादासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला काहींनी विरोधही केला. परंतु मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून हे आडनाव सन्मानाने उच्चारले गेले, ही गोष्ट उरली. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

एक आडनाव, अनेक समाज

‘मूळचे गोव्याचे का?’ हा प्रश्न अगदीच निराधार नाही, हेही नमूद केले पाहिजे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत डिसोझा आडनावाची माणसे निदान तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत. पहिले इथलेच, मराठीभाषक. दुसरे गोव्याहून नोकरी-व्यवसायासाठी मुंबई परिसरात आलेले कोकणीभाषक. तिसरे मंगळूरकडचे. त्यांचेही बहुतेक पूर्वज काही शतकांपूर्वी गोव्यातून दक्षिणेकडे गेले होते आणि त्यांच्या घरची भाषाही कोकणीच. आडनाव एक असले तरी भाषा, स्वयंपाक, लग्नाच्या चालीरीती यांत फरक आहे.

हा फरक दाखवण्याची गरज इथल्या समाजाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच भासली होती. मुंबई, साष्टी, ठाणे, वसई येथील स्थानिक ख्रिस्ती लोकांना त्याकाळी ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हटले जाई. गोव्याहून येणारे लोक तर पोर्तुगालचे प्रजाजन. दोघांची आडनावे सारखी, त्यामुळे नोकऱ्यांच्या बाजारात गल्लत होऊ लागली. तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि स्थानिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठीभाषक लोकांनी ‘पूर्व’ सांगणारे इंग्रजी नाव घ्यावे, हे वरवर चमत्कारिक वाटते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून आपण ब्रिटिश प्रजा आहोत, गोव्यातील पोर्तुगीज प्रजा नव्हे, हे त्यातून सांगायचे होते. आडनाव जे सांगू शकत नव्हते, ते सांगण्यासाठी दुसरे नाव घ्यावे लागले.

संगणकापुढची अडचण

कारकुनाच्या लेखणीने दिलेल्या त्या अपॉस्ट्रॉफीने संगणकाच्या युगात नवीनच डोकेदुखी निर्माण केली. अनेक ऑनलाइन अर्जांत नावाच्या रकान्यात अक्षरांखेरीज कोणतेही चिन्ह चालत नाही. माहितीसाठा हाताळणाऱ्या संगणकीय भाषांमध्ये तर हेच चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखवण्यासाठी वापरतात. आज्ञावली निष्काळजीपणे लिहिलेली असेल, तर नावातले चिन्ह आले की यंत्राला नाव तिथेच संपल्यासारखे वाटते. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचण्यासाठी ज्या दोन ओळी असतात, त्यांत आंतरराष्ट्रीय नियमानुसार अपॉस्ट्रॉफीला जागाच नाही. तो वगळून ‘डी’ आणि ‘सोझा’ सलग जोडतात. मात्र कोणी ‘द’ आणि ‘सोझा’ असे दोन सुटे शब्द लिहीत असेल, तर तिथे मध्ये रिकाम्या जागेची खूण येते. माणसाला ही एकाच नावाची दोन रूपे वाटतात, यंत्राला ती दोन वेगळी नावे असतात.

त्यात देवनागरीची भर पडते. सातबाऱ्यावर ‘डिसोजा’, शाळेच्या दाखल्यावर ‘डिसोझा’, मतदार यादीत ‘डिसूझा’ आणि इंग्रजी कागदपत्रांत आणखी निराळे, अशी अवस्था एकाच घरात होऊ शकते. जमिनीच्या वारसाहक्काची नोंद करताना, विम्याचा दावा मांडताना किंवा परदेशी शिक्षणासाठी कागद जमवताना या फरकांची किंमत कळते. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, शासनाच्या राजपत्रात नावाची प्रसिद्धी, असे सोपस्कार करावे लागतात. मुलाच्या जन्मनोंदीच्या वेळीच इंग्रजी आणि मराठी, दोन्ही लेखन ठरवून घ्यावे आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच काटेकोरपणे वापरावे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. कोणते लेखन ‘शुद्ध’ याचा वाद घालण्यात अर्थ नाही. लिस्बनच्या दृष्टीने ठाण्यातील प्रत्येक डिसोझा अशुद्धच ठरेल. पण ठाण्यातला डिसोझा लिस्बनला उत्तर देण्यास बांधील नाही.

मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधून रविवारी बाहेर पडणाऱ्या गर्दीत ठाण्याचे, गोव्याचे, मंगळूरचे असे सगळे डिसोझा असतात. त्यांच्यातल्या स्थानिकांपैकी काहींच्या घरी आता इंग्रजीच अधिक बोलली जाते, तर वसई-उत्तनच्या घरांत अजूनही मराठीच्या बोली नांदतात. जोशी, मोकाशी, सय्यद किंवा शहा यांप्रमाणेच डिसोझा हेही या परिसराच्या इतिहासाने दिलेले एक आडनाव आहे. ते पोर्तुगीज तलवारीबरोबर आले, इंग्रजी लेखणीने घडवले आणि मराठी घरांनी आपले मानले. तेव्हा पुढच्या वेळी ठाण्यातल्या एखाद्या डिसोझांची ओळख झाली, तर ‘मूळचे गोव्याचे का?’ असे विचारण्याआधी ‘मूळ गाव कुठले?’ एवढेच विचारावे. ‘ठाणे’ हे उत्तर आले तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.